पायाचे दुखणे आणि परदेशचा उपचार

घरात मोठे दुखणे आले की आपल्याकडे दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. परदेशात स्थायिक झालेला मुलगा फोनवर म्हणतो, ‘‘अब्बांना इकडे आणू या, इकडचे डॉक्टर चांगले आहेत.’’ आणि परदेशात नोकरीला असलेला बाप स्वतः आजारी पडला की म्हणतो, ‘‘छुट्टीवर आलो की गावीच दाखवतो.’’ दोन्ही वाक्यांमागे माया आहे, काटकसर आहे आणि दूरच्या डॉक्टरवरचा भरवसाही आहे. पुष्कळ आजारांत त्यामुळे फार बिघडत नाही. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होण्याच्या आजारात मात्र याच दोन वाक्यांमध्ये पायाचे आठवडे निघून जातात.

आम्ही डॉक्टर नाही, शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. पण ज्या गावातील निम्मी घरे मस्कत, कुवेत आणि सौदीच्या पगारावर चालतात, त्या गावात शिक्षक म्हणजे सर्वांचे कागद वाचणारा माणूस. विम्याचा फॉर्म, इकाम्याची प्रत, तपासणीचा रिपोर्ट, सगळे शाळा सुटल्यावर आमच्या टेबलावर येते. गेल्या काही वर्षांत त्यात पायाच्या डॉपलरचे रिपोर्ट वाढले आहेत. ते समजून घेण्यासाठी आम्ही डॉक्टरांना जे विचारले आणि वाचले, ते वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवत आहोत.

हा आजार कोणता?

हृदयाकडून पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या नळ्यांच्या आतील बाजूस चरबी आणि चुन्याचा थर बसतो. नळी अरुंद होते, कधी पूर्ण बंद पडते. तंबाखू आणि मधुमेह ही याची दोन सर्वांत मोठी कारणे. त्यांच्या जोडीला उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि वाढते वय. तरुणपणीच विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ‘बर्गर’ नावाचा वेगळा आजारही होतो. त्यात लहान रक्तवाहिन्या सुजून बंद पडतात आणि तिशी-चाळिशीतच बोटे काळी पडतात. आपल्या देशात तो अजूनही दिसतो.

पायावर फुगलेल्या निळ्या शिरा म्हणजे हा आजार नव्हे. त्या शिरा अशुद्ध रक्त परत नेणाऱ्या असतात. त्या दुखण्यात पाय वर ठेवला की बरे वाटते. आपण बोलतो त्या आजारात पाय वर ठेवला की दुखते आणि खाटेखाली लोंबता सोडला की बरे वाटते. हा फरक घरातील बाईमाणसालाही सहज ओळखता येतो.

तपासणीची पहिली पायरी अगदी साधी आहे. घोट्याजवळचा रक्तदाब मोजायचा आणि त्याला दंडावरच्या रक्तदाबाने भागायचे. उत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर पायाकडे रक्त कमी जात आहे. मात्र मधुमेह फार जुना असेल तर नळ्या टणक होतात आणि आकडा खोटा चांगला येतो. अशा वेळी पायाच्या बोटातील दाब आणि डॉपलर पाहावे लागते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. आखातातील कुवेतसारख्या देशांत तर मधुमेहाचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्यांपैकी आहे. म्हणजे आपला माणूस येथे असो वा तेथे, हा प्रश्न त्याच्या पायाशी आहेच.

घाई कधी, सबुरी कधी?

परदेशी जावे की नाही, तेथून परत यावे की नाही, याचे उत्तर आजार कोणत्या पायरीवर आहे यावर अवलंबून आहे.

पहिली पायरी म्हणजे चालताना पोटरीत गोळा येणे. माणूस शंभर-दोनशे पावले चालतो, पोटरी आवळते, तो थांबतो, दोन-चार मिनिटांत बरे वाटते, पुन्हा चालतो. येथे घाबरून विमानाचे तिकीट काढण्याचे कारण नाही. या पायरीवरील बहुतेकांचा पाय कधीच जात नाही. त्यांना अधिक धोका असतो तो हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा, कारण जो थर पायाच्या नळीत बसला तो इतर नळ्यांतही बसलेला असतो. तंबाखू पूर्ण बंद, साखर आणि रक्तदाब ताब्यात, रक्त पातळ ठेवणारी आणि कोलेस्टेरॉलची गोळी, आणि चालणे, हा येथला उपचार. चालायचे, पोटरी दुखली की थांबायचे, दुखणे ओसरले की पुन्हा चालायचे. असे दर वेळी ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीनदा आणि सलग तीन महिने. पुष्कळांचे न थांबता चालण्याचे अंतर यानेच वाढते. त्याला ना व्हिसा लागतो, ना जमीन विकावी लागते.

दुसरी पायरी म्हणजे रात्री झोपेत पाय दुखणे. माणूस पाय लोंबता ठेवून खुर्चीतच रात्र काढतो. तिसरी पायरी म्हणजे बोटावरची किंवा टाचेवरची जखम दोन आठवडे उलटूनही न भरणे, किंवा बोट काळे पडणे. या दोन पायऱ्यांवर हिशेब दिवसांचा आणि आठवड्यांचा असतो. जेथे असाल तेथून जवळच्या रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदाकडे पोहोचणे हेच काम. प्रवास करून लवकर पोहोचता येत असेल तर प्रवास करावा. प्रवासामुळे उशीर होणार असेल तर करू नये.

चौथी गोष्ट वेगळीच. पाय अचानक थंडगार पडला, पांढराफटक झाला, बधिर झाला, बोटे हलेनात, तर नळीत गुठळी अडकली आहे असे समजावे. येथे हिशेब तासांचा. साधारण सहा तासांच्या आत रक्त पुन्हा सुरू झाले नाही तर स्नायू मरू लागतात. अशा वेळी कोणता देश, कोणते रुग्णालय, कोणाचा विमा, हे प्रश्न नंतरचे. सर्वांत जवळचे मोठे इस्पितळ गाठायचे.

मस्कतचा ट्रक आणि मुंबईचा वॉर्ड

आमच्या तालुक्यातील एक गृहस्थ अठरा वर्षे मस्कतला ट्रक चालवत होते. कॅम्पपासून मशिदीपर्यंत ते पूर्वी एका दमात जात. पुढे एकदा थांबू लागले, मग दोनदा. त्यांनी ते वयावर घातले. साखर होती, विडीही होती. सेफ्टी बुटाने अंगठ्याला फोड आला, तो फुटला, जखम झाली. दवाखान्यात ड्रेसिंग होत राहिले. छुट्टी मंजूर व्हायला चार महिने होते. घरी फोनवर त्यांनी यातले काही सांगितले नाही.

ते गावी आले तेव्हा अंगठा काळा पडला होता आणि शेजारच्या बोटालाही रंग चढत होता. बैठक बसली. इंग्लंडमधील पुतण्या म्हणाला, चाचांना इकडे पाठवा. आंब्याची बाग विकायची गोष्ट निघाली, गिऱ्हाईकही पुढे आले. रिपोर्ट वाचायला आम्हाला बोलावले होते. आम्ही एवढेच म्हटले की बागेचा निर्णय परवा घ्या, मुंबईच्या डॉक्टरांना उद्या दाखवा. मुंबईतील शल्यविशारदांनी सांगितले की व्हिसाला जे आठवडे लागतील ते या पायाकडे नाहीत, आणि तेथे जाऊन जे होईल ते येथेही होते. दोन दिवसांनी गुडघ्याखालील नळी फुग्याने उघडली. अंगठा काढावा लागला, पाय राहिला. जखम भरायला तीन महिने लागले.

त्याच वॉर्डात ओमानहून आलेले एक वयस्कर गृहस्थ होते. आजार तोच, जखमही टाचेवर तशीच. जखम होऊन पंधरा दिवस व्हायच्या आत मुलगा त्यांना मुंबईत घेऊन आला होता. आमचे गृहस्थ त्यांच्याशी ड्रायव्हरांच्या अरबीत बोलत. एकदा त्या म्हाताऱ्यांनी विचारले, ‘‘तू तर आमच्याच देशात होतास, मग इतका उशीर का केलास?’’ आमचे गृहस्थ म्हणाले, ‘‘छुट्टी मंजूर व्हायची होती.’’

आखातातील भावांनी हे नीट ऐकावे. सौदी अरब आणि अमिरातीत खासगी नोकरीतील परदेशी कामगाराचा आरोग्य विमा काढणे मालकावर बंधनकारक आहे. आपले विमा कार्ड कोणत्या रुग्णालयात चालते हे तब्येत चांगली असतानाच विचारून ठेवावे. संकटात सापडलेल्या भारतीयांसाठी आपल्या दूतावासांकडे २००९ पासून ‘इंडियन कम्युनिटी वेल्फेअर फंड’ आहे आणि गरजू माणसाच्या तातडीच्या औषधोपचारासाठी त्यातून मदत मागता येते. पाय काळा पडू लागला असताना छुट्टीची तारीख मोजत बसू नये. विमानाने परत यायचेच असेल तर डॉक्टरांचे प्रवासास योग्य असल्याचे पत्र घ्यावे. चिघळलेली जखम किंवा ताप असेल तर विमान कंपनी ते मागू शकते. व्हीलचेअरची नोंदणीही आधी करावी.

बाहेरून येथे येणारे

ओमानचे ते गृहस्थ एकटे नव्हेत. इराक, येमेन, ओमान, केनिया, टांझानिया, बांगलादेश या देशांतून रुग्ण उपचारासाठी भारतात येतात. काही ठिकाणी युद्धाने इस्पितळे मोडली, काही ठिकाणी तज्ज्ञ कमी, आणि पाश्चात्त्य देशांच्या मानाने येथे खर्च पुष्कळ कमी. आखात आणि मुंबईचे नाते तसे जुनेच. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी वेगळ्या रुपयाच्या नोटा काढल्या होत्या आणि काही वर्षे तेथील बाजारात त्याच चालत.

भारत सरकार अशा रुग्णांना वैद्यकीय व्हिसा देते. सोबत दोन नातेवाइकांना वेगळा व्हिसा मिळतो. काही देशांच्या नागरिकांना हा व्हिसा ऑनलाइनही मिळतो. तो साधारण ६० दिवसांचा असतो आणि त्यावर तीनदा प्रवेश करता येतो. पायाच्या जखमेला भरायला याहून अधिक काळ लागू शकतो, म्हणून मुदतवाढीची माहिती पहिल्या आठवड्यातच घ्यावी. ज्यांच्या घरी असे परदेशी नातेवाईक किंवा मालकाचे कुटुंब येते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

या रुग्णांमुळे आपल्या मुलांना एक नवे कामही मिळाले आहे. मदरशात अरबी शिकलेले कितीतरी तरुण मोठ्या रुग्णालयांत दुभाषे म्हणून काम करतात. भाषाशिक्षक म्हणून आम्हाला त्याचा आनंद वाटतो. पण या कामाला तयारी लागते. ‘दुखते’ एवढे भाषांतर पुरेसे नाही. चालताना दुखते की झोपल्यावर, थांबल्यावर राहते की नाही, यावर उपचार ठरतो. अरबी माणूस मधुमेहाला ‘सुक्कर’ म्हणतो, आपण ‘साखर’ म्हणतो, आणि दोन्ही शब्द संस्कृत ‘शर्करा’च्या वंशातले. शब्द ओळखीचा वाटला तरी किती वर्षांपासून, कोणती गोळी, इन्सुलिन कधी, हे दुभाष्याने विचारलेच पाहिजे. आमच्या वर्गातील मुले विचारतात की अरबी-उर्दू शिकून काय होणार. त्यांना आम्ही आता हे काम सांगतो.

येथून बाहेर जायचे असेल तर

हा उपचार जन्मला परदेशातच, यात शंका नाही. १९४८ साली पॅरिसमध्ये झाँ कुन्लँ यांनी रुग्णाच्याच पायातील शीर वापरून बंद नळीला वळसा घालणारी बायपास केली. १६ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे चार्ल्स डॉटर यांनी ८२ वर्षांच्या एका बाईंच्या मांडीतील अरुंद नळी आतून बारीक नळ्या घालून रुंद केली. त्यांचा पाय कुजू लागला होता आणि तो कापून घ्यायला त्यांनी नकार दिला होता. पाय वाचला. १९७४ साली झुरिकमध्ये आंद्रेयास ग्रुंटझिग यांनी त्यासाठी फुगा वापरला, तोही आधी पायात. तोच फुगा १९७७ साली हृदयात गेला. आज हृदयाच्या अँजिओप्लास्टीचे नाव घरोघर ठाऊक आहे, पण तिची सुरुवात पायापासून झाली. हे सर्व उपचार आता मुंबई, पुण्यासारख्या शहरांत होतात.

तरीही एखाद्याचे मूल परदेशात आहे, सांभाळायला तेथेच माणसे आहेत, अशा कारणाने जावेसे वाटले तर जरूर जावे. पण कागद आधी करावेत. ब्रिटनमध्ये खासगी उपचारासाठी जाताना तेथील डॉक्टरांचे पत्र लागते आणि त्यात आजार, अंदाजे खर्च आणि लागणारा काळ लिहिलेला असावा लागतो. असा व्हिसा ११ महिन्यांपर्यंतचा मिळू शकतो. तेथील सरकारी रुग्णालय पाहुण्याला फुकट नाही. बाहेरून आलेल्या बहुतेक रुग्णांकडून नेहमीच्या दराच्या दीडपट आकारणी होते. पैसे पाठवण्याबाबत रिझर्व्ह बँकेचा नियम असा की एका आर्थिक वर्षात एका व्यक्तीला २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते, आणि उपचारासाठी रुग्णालयाचा अंदाजपत्रकी कागद दाखवून त्याहून अधिकही. नियम बदलतात, म्हणून बँकेत ताजी चौकशी करावी.

जमीन विकण्यापूर्वी तीन प्रश्न डॉक्टरांकडून लिहून घ्यावेत. माझ्या पायाला नेमके काय करायचे आहे? ते येथे होत नाही का? आणि तेथून परत आल्यावर मला कोण पाहणार? महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. आपली शस्त्रक्रिया त्या यादीत बसते का, हे योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारण्यास पैसे पडत नाहीत.

परत आल्यावर

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा आहे. फुगा, जाळी किंवा बायपास यांनी रस्ता उघडतो, आजार जात नाही. उघडलेली नळी पुन्हा बंद पडू शकते. म्हणून परदेशातून येणाऱ्याने किंवा येथून परदेशी जाणाऱ्याने पुढील वस्तू हातातल्या बॅगेत ठेवाव्यात: अँजिओग्राफीची चित्रे असलेली सीडी (नुसता रिपोर्ट पुरत नाही), कोणत्या नळीत काय बसवले याचा कागद, मूत्रपिंडाचा रिपोर्ट, आणि औषधांची मूळ नावे. मस्कतच्या दुकानातील गोळीचे नाव आपल्या तालुक्यातील दुकानदाराला ठाऊक नसते, मूळ औषध मात्र दोन्हीकडे तेच असते. रक्त पातळ ठेवणारी गोळी दात काढण्यासाठीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. रमजानच्या रोजांबद्दल इन्सुलिन घेणाऱ्याने चंद्र दिसायची वाट न पाहता महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलावे.

बधिर पायाला गरम पिशवीचा शेक देऊ नये. चटका कळत नाही आणि फोड येतो. ज्या पायात रक्त कमी पोहोचते त्यावर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिजामा किंवा कोणतीही चीर घेऊ नये, कारण ती जखम भरणार कशाने? अनवाणी फिरू नये. हजला जाणाऱ्या मधुमेही बुजुर्गांनी तर विशेष जपावे. चप्पल हरवली म्हणून तापलेल्या रस्त्यावरून चालत आलेल्या बधिर पायाला भाजल्याचे कळतसुद्धा नाही. विडी, शीशा, जर्दा आणि घरातल्या बायकांची मशेरी, सगळेच सोडावे.

या आजारात रोज पाय पाहा असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडे त्याची सोय आधीच आहे. वजू करताना आपण पाय घोट्यापर्यंत धुतो, बोटांमधून बोट फिरवतो. त्याच वेळी नजर टाकली तर चीर, फोड, रंग बदलणे पहिल्याच दिवशी दिसते. फक्त नंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसाव्यात. ज्यांना वाकता येत नाही त्यांचे पाय सुनेने किंवा नातवाने पाहावेत.

पाय काढावा लागला तर

कधी कधी सर्व करूनही पाय ठेवता येत नाही. विष अंगात पसरत असेल तर पाय काढणे म्हणजे जीव वाचवणे. त्याला हार समजून, नवस करत किंवा आणखी एका देशाचे नाव घेत दिवस घालवू नयेत. गुडघा वाचला तर पुढचे चालणे सोपे होते, म्हणून वेळेवर घेतलेला निर्णयच शहाणपणाचा. याबाबत जगच आपल्याकडे पाहते. १९६८ साली डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जयपूर फूट तयार केला. मांडी घालणे, उकिडवे बसणे, शेतात अनवाणी चालणे, ही आपली राहणी डोळ्यांसमोर ठेवून तो केला. १९७५ पासून जयपूरची भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत बसवते आणि इतर देशांतही शिबिरे भरवते.

वाचकांना आमची एक विनंती आहे. आखातातील आपल्या माणसाला पुढचा फोन कराल तेव्हा पैसे मिळाले का, छुट्टी कधी, हे विचारालच. त्याबरोबर एवढे विचारा की खोलीपासून मशिदीपर्यंत किती वेळा थांबावे लागते, आणि पायावर जखम आहे का. तो ‘काही नाही’ म्हणाला तर व्हिडिओ कॉलवर बूट काढायला सांगा. आमच्या तालुक्यातील ते गृहस्थ आता गावातच किराणा चालवतात आणि मस्कतला जाणाऱ्या प्रत्येक पोराला दुकानाच्या पायरीवर बसवून हेच सांगतात.